बाबा, त्या प्रयोगाला मी नाही म्हटलंय

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा 'बरं, बरं' म्हणून विषय मिटवतात, म्हणून लिहितेय. पार्किन्सनसाठी मेंदूत नव्या पेशी बसवायच्या चाचणीला बाबांचं नाव देणार नाही, असं डॉक्टरांना कळवलंय. डीबीएसची, म्हणजे मेंदूत तारा बसवून बारीक करंट द्यायच्या शस्त्रक्रियेची, तारीख घेतलीय. रागवा, पण पत्र पुरं वाचा.

बाबा, तुमचं कात्रण वाचलं. २०२५च्या त्या दोन चाचण्यांत पेशी तगल्या, त्यांचा गंभीर त्रास झाला नाही, हे खरंच. पण रुग्ण किती? एकीत १२, दुसरीत ७. आणि २००१मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले, ते कात्रणात नाहीत. तिथे गर्भातल्या पेशी बसवल्या होत्या. साठीपुढच्यांना विशेष गुण आला नाही. काहींचं पहिलं वर्ष बरं गेलं आणि मग गोळ्या कमी करूनही हातपाय आपोआप वळायला लागले. बसवलेल्या पेशी परत काढता येत नाहीत. मी इथेच अडले. बाकी सगळं समर्थन समजा.

डीबीएसही निर्धोक नाही. शंभरात एखाद-दोघांना रक्तस्राव होतो, जंतुसंसर्गाची भीती असते, बोलणं जड होऊ शकतं. तोल सुधारेलच असं नाही. पण त्रास झाला तर करंट कमी करता येतो, बंदही करता येतो. गोळी चढल्यावर जे जमतं, ते दिवसभर जमावं, एवढीच अपेक्षा ठेवायची.

कदाचित जागं ठेवतील, पण मेंदूला दुखत नाही. कातडीला भूल देतात. केस परत येतात. रत्नाकाकांच्या वेळेसारखं काही होणार नाही. आई, तुझी उशी मी आणेन, रात्री मीच थांबेन.

बाबा, माझ्या वह्यांवर तुम्ही टपोऱ्या अक्षरात नाव घालायचात. परवाच्या पाकिटावर तेच नाव मुंगीएवढं झालं होतं. खूप वेळ बघत बसले.

आता ऐका. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. रक्त पातळ करायची गोळी घेता, हे डॉक्टरांना आधीच सांगायचं. नंतर कुणी डायथर्मीचा, म्हणजे विजेच्या लहरींचा, शेक देऊ म्हणालं तर साफ नाही म्हणायचं. आणि आई, शस्त्रक्रियेनंतर बाबा गप्प-गप्प राहिले, उधळपट्टी करायला लागले किंवा हट्टी झाले, तर मला लगेच कळव. म्हणजे, नेहमीपेक्षा जास्त हट्टी.

तुमची,
छकुली