ऑगस्टमध्ये व्हिडिओ कॉल का लागत नव्हता ते सांगते

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली, तिन्ही वेळा आईने "जेवलीस का" विचारलं आणि माझं सगळं घशातच राहिलं, म्हणून लिहितेय. बाबा, लांब झालंय, आधी तुम्ही चष्मा लावून एकदा पूर्ण वाचा आणि मग आईला वाचून दाखवा. पण त्याआधी हे ऐका की मी बरी आहे, बाळ बरं आहे, चौतिसावा आठवडा लागलाय, परवाच्या सोनोग्राफीत वजनही नीट आहे आणि पाणीही.

ऑगस्टमध्ये सहा दिवस मी "नेट नाहीये, व्हिडिओ लागत नाही" म्हणत होते ना, ते खोटं होतं. मी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होते. नाकात ऑक्सिजनची नळी होती, ती तुम्हाला दिसू नये म्हणून व्हिडिओ बंद. तुमच्या जावयाला मीच शपथ घातली होती, त्याच्यावर रागवू नका, तो रोज म्हणत होता की आई-बाबांना कळवूया. गणपतीला घरी आले नाही तेव्हाही "प्रवास नको सांगितलाय" एवढंच बोलले, का नको ते गिळलं.

डोहाळजेवण रविवारी झालं. मंगळवारी रात्री कणकण आली, अंग असं मोडून आलं की कूस बदलताना रडू यायचं. बुधवारी ताप १०२. आई तुझा फोन आला तेव्हा तू म्हणालीस, "गरोदरपणात सर्दी-पडसं व्हायचंच गं, गोळी मात्र घेऊ नकोस, सुंठ आणि गवती चहाचा काढा घे, वाफ घे," आणि मी तेच केलं. तू सांगितलंस म्हणून नाही केलं, मलाच तसं हवं होतं. सात महिने प्रत्येक गोळीच्या पाकिटाकडे संशयाने बघितल्यावर क्रोसिनसुद्धा घेववत नाही. नाक तर पाचव्या महिन्यापासून चोंदलेलंच होतं, ते गरोदरपणात अनेकींना होतं. गुरुवारी बाथरूमपर्यंत जाऊन आले तरी धाप लागायला लागली, तेव्हाही वाटलं की पोट एवढं वर आलंय तर धाप लागणारच की. इथेच तर फसायला होतं, कारण गरोदरपणातलं रोजचं जे असतं ना, नाक बंद, दम लागणं, थकवा, तेच दुखण्याचंही दिसतं, त्यामुळे कुठे काय सुरू झालं ते कळतच नाही.

शुक्रवारी पहाटे मी "पाणी दे" म्हणायला मधे थांबले. दोन शब्द, आणि त्यांच्या मधे श्वास घ्यावा लागला. त्याने ते ऐकलं आणि उठून खणातलं ते ऑक्सिजन बघायचं, बोटाला लावायचं मशीन काढलं, कोविडच्या वेळी घेतलेलं, आतले सेल गळून हिरवे झालेले, टीव्हीच्या रिमोटचे काढून त्यात घातले. ९४ आलं. तो म्हणाला, "९४ म्हणजे ठीक आहे ना, तेव्हा ९४ च्या खाली गेलं तरच घाबरा म्हणायचे." मग खोलीतल्या खोलीत चार फेऱ्या मारून परत लावलं तर ९१. डॉक्टर मॅडमना फोन केला तर त्या एवढंच म्हणाल्या, "गरोदर बाईचं ९५ च्या खाली नको, काही खात बसू नका, निघा." आई-बाबा, हा आकडा आम्हाला दोघांनाही माहीत नव्हता, आणि आम्ही दोघं शिकलेलो, पुण्यात राहणारे.

रिपोर्टमध्ये इन्फ्लुएन्झा आला, एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूवालाच. आणि एका बाजूच्या फुप्फुसात खाली न्यूमोनिया.

बाबा, तुम्ही विचाराल की बाकीच्यांना तीन दिवसांत बरा होणारा फ्लू हिला एवढा का. मॅडमनी मला पलंगाशी बसून समजावलं ते मी तुमच्या बँकेच्या भाषेत सांगते. गर्भाशय वाढतं तसा फुप्फुसांखालचा पडदा जवळजवळ चार सेंटीमीटर वर ढकलला जातो, त्यामुळे श्वास सोडल्यावर छातीत जी हवा शिल्लक राहते ती साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते. आणि बाळ, वार, जास्तीचं रक्त, जास्त काम करणारं हृदय, ह्या सगळ्यांमुळे शरीराला ऑक्सिजन मात्र साधारण पाचव्या हिश्शाने जास्त लागतो. म्हणजे खात्यात शिल्लक कमी आणि रोजचा खर्च वाढलेला. एरवी सगळं जमून जातं, पण फुप्फुसाचा एखादा कोपरा जरी सुजला की शिल्लक भराभर संपते, एरवीच्या माणसापेक्षा खूप लवकर. शिवाय बाळ म्हणजे अर्धं परकं, त्याला अंगाने झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती पण आपली वागण्याची पद्धत बदलते, त्यामुळे काही विषाणूंना रान मोकळं मिळतं. मी अशक्त आहे किंवा नीट खात नव्हते म्हणून झालं नाही हे. आई, हे वाक्य खास तुझ्यासाठी आहे.

लगेच ऑसेलटामिव्हिर सुरू केलं, फ्लूवरची गोळी, टॅमिफ्लू म्हणतात ती, सकाळ-संध्याकाळ ७५ ची, पाच दिवस. रिपोर्टची वाटही बघितली नाही. ताप आल्यापासून ४८ तासांत घेतली तर सगळ्यात जास्त उपयोग होतो, मी तोपर्यंत साठ तासांच्या आसपास गेले होते, पण उशीर झाला तरी गरोदर बाईला देतातच. ताप उतरायला पॅरासिटामॉल. मी विचारलं, बाळाला चालेल का, तर मॅडम म्हणाल्या की गोळी चालते, १०२ ताप अंगावर काढणं चालत नाही. फक्त आयबुप्रोफेनवाल्या दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. छातीचा एक्स-रे पण काढला, पोटावर शिशाचा जड ॲप्रन ठेवून, आणि त्यातून बाळापर्यंत पोचतं ते नगण्य असतं, तर आई त्याची काळजी आता करू नकोस, झालं ते होऊन गेलं.

पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके लावले होते. मशीनवर १७० च्या वर, एवढे भराभर की मला वाटलं तेही धापा टाकतंय. नर्स म्हणाली की आईला ताप असला की बाळाचे ठोके वाढतात. मग मी ताप उतरायची वाट बघत त्या आकड्याकडे टक लावून बसले. दुपारी घाम फुटला, गाऊन ओलाचिंब झाला, आणि आकडा १६२, १५६, १४८ असा उतरत आला. त्या दुपारी मला पहिल्यांदा समजलं की तो विषाणू सहसा बाळापर्यंत जातच नाही, बाळाला जे भोगावं लागतं ते माझ्या तापातून आणि माझ्या कमी पडलेल्या श्वासातून. मला चांगलं ठेवणं म्हणजेच त्याला चांगलं ठेवणं. मी मात्र तीन दिवस स्वतःला बाजूला ठेवून त्याला जपत बसले होते.

शनिवारी रात्री पोट सारखं कडक यायला लागलं. असल्या दुखण्यात वेळेआधी कळा सुरू व्हायची भीती असते. तेव्हा एकोणतिसावा आठवडा होता. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून बारा-बारा तासांनी चार इंजेक्शनं दिली. पोट पहाटे सैल पडलं, देवाची कृपा. ती रात्र मी कोणालाच सांगितली नव्हती, सासूबाईंनाही नाही.

आणि त्या रात्री मला सारख्या खालच्या मजल्यावरच्या काकू आठवत होत्या. आई तुलाही आठवत असतील, तू त्यांचं नाव कधी काढत नाहीस. २००९ चा ऑगस्ट, ३ तारखेला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला, शाळेतली मुलगी होती, आणि मग शाळा बंद, रस्त्यावर सगळे रुमाल बांधून, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीच्या रांगा. मी तेव्हा अकरावीत. तू मला रुमालात कापूर आणि वेलदोडा बांधून द्यायचीस. काकूंना आठवा महिना होता. आधी खोकला, मग घरातच चार दिवस, मग व्हेंटिलेटर. बाळ सिझेरियन करून काढलं, ते वाचलं, काकू घरी आल्या नाहीत. तू त्यांच्या मिस्टरांना डबा देत होतीस, झाकणावर तुझं नाव कोरलेला तो स्टीलचा. नंतर तू म्हणायचीस, "तिच्या नशिबात नव्हतं." मीही सोळा वर्षं तेच धरून चालले होते.

बाबा, तुम्हाला आकडे लागतात. त्या वर्षी अमेरिकेत लोकसंख्येत गरोदर बायका साधारण १ टक्का होत्या आणि स्वाइन फ्लूने गेलेल्यांत साधारण ५ टक्के. कोविडचंही तसंच. मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये दीड हजारावर कोविड झालेल्या गरोदर आणि बाळंतिणींची नोंद ठेवली होती, त्यात पहिल्या लाटेत मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्के होतं, दुसऱ्या लाटेत ५.७. आणि गरोदर बायकांना कोविडची लस घ्यायला आपल्याकडे परवानगी मिळाली ती २ जुलै २०२१ ला, दुसरी लाट ओसरत आल्यावर. एवढ्या बायकांच्या एकदम नशिबात काय असणार आई. श्वासाला जागा कमी असते, आणि ते वेळेत कोणी बघत नाही, एवढंच असतं.

आता लसीचं. मला मॅडमनी सव्वीसाव्या आठवड्यातच फ्लूची लस घ्यायला सांगितली होती. मी पुढच्या वेळी घेते म्हणाले. बाबा, तुम्ही फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला होता की गरोदरपणात लस घेतली की बाळात दोष येतो, तो मी खरा मानला असं नाही, पण मनात राहिला. तुम्ही काळजीनेच टाकला होतात हे मला माहीत आहे. पण ती लस मेलेल्या विषाणूची असते, तिने फ्लू होऊ शकत नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच लस देताना गरोदर बायकांना सगळ्यात पुढे ठेवायला सांगितलंय, आपल्याकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही घ्या म्हणते. बाळाला स्वतःला सहा महिने ही लस देताच येत नाही, तोवर त्याच्याकडे असतं ते आईकडून वारेतून गेलेलंच. म्हणून मी गेल्या आठवड्यात घेतली, फ्लू होऊन गेला असला तरी, कारण फ्लूचे प्रकार अनेक असतात. दंड एक दिवस दुखला. बाबा, तो मेसेज ग्रुपवरून काढून टाकाल का, दोन चुलत वहिन्या आहेत त्या ग्रुपवर.

आणि तुमच्या मनात येण्याआधीच लिहिते. डोहाळजेवणाला बाबा तुम्हाला सर्दी होती, तुम्ही मागे बसून नाक पुसत होतात, मी बघितलं होतं आणि तरीही पाया पडून तुमच्या कुशीत शिरले होते. पण त्या दिवशी हॉलमध्ये साठ माणसं होती, ओटी भरायला वीस बायका जवळ आल्या, कोणाकडून आलं ते देवालाच ठाऊक. तुमच्याकडून आलं असं मनात आणून रात्र-रात्र जागत बसू नका. मी लपवलं ते ह्याच भीतीने, की आई काढ्याचं मनाला लावून घेईल आणि बाबा सर्दीचं. काढ्याने काही वाईट झालं नाही आई, चवीला छान होता, मी फक्त त्याच्या भरवशावर थांबायला नको होतं.

आता बाळंतपणाला मी तुमच्याकडे येणार का तुम्ही इकडे, ते ठरलंच आहे, इकडेच, हॉस्पिटल जवळ आहे. पण येण्याआधी दोघांनी फ्लूची लस घ्या. तुमचीही साठी उलटलीये, तुमच्यासाठीही हवीच, आणि घेतल्यावर अंगी लागायला दोन आठवडे जातात, म्हणजे ह्या महिन्यातच घ्यायला हवी. बारशाला ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने यायचं नाही, कितीही जवळचा असला तरी. हे मी बोलले तर शिष्टपणा दिसेल, आई तू बोललीस तर सगळे ऐकतील. आत्याला पण तूच सांग, ती येऊन आधी बाळाचे मुके घेणार.

अजून एक काम आहे. शेजारच्यांच्या सुनेला पाचवा महिना लागलाय म्हणालीस ना. आपल्या राज्यात २०१५ पासून सरकारी दवाखान्यांतून गरोदर बायकांना ही लस फुकट द्यायला सुरुवात झाली, तर तिला तिथल्या नर्सताईंना विचारायला सांग, नाही मिळाली तर तिच्या डॉक्टरांना विचारू दे. आणि ताप आला, छाती भरली, बोलताना दम लागला, बाळाची हालचाल कमी वाटली, तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी जायचं. तिच्या सासूबाई तुझं ऐकतात. माझं उदाहरण दे, माझी काही हरकत नाही.

बाबा, वाचून झालं की लगेच फोन करू नका, आईला थोडं रडून घेऊ दे, मग संध्याकाळी व्हिडिओ कॉल करा. मी कॅमेरा चालू ठेवते. आणि आई, येताना डिंकाचे लाडू त्या नाव कोरलेल्या डब्यातून आण.

तुमची,
ताई