नावाने जेपीजी, पोटात डीजेव्हीयू: विल्यम बोलिंग यांस आभारपत्र

श्री. विल्यम बोलिंग यांस,
स. न.

स्वतःच्या सर्व्हरवर गिटलॅब (टीमचा कोड ठेवायची प्रणाली) चालवणाऱ्या आम्हा मंडळींकडून, तुम्ही त्यात शोधलेल्या दोषाबद्दल २०२१ सालचे हे आभार. पोचायला उशीर झाला, पण आभार शिळे होत नाहीत.

गिटलॅबवर जेपीजी चढवली की वर्कहॉर्स (आलेली फाइल पहिल्यांदा हाती घेणारा गिटलॅबचा भाग) ती आधी एग्झिफटूल या, फाइलमधली माहिती वाचणाऱ्या-पुसणाऱ्या प्रोग्रामकडे देतो. हेतू चांगलाच: फोटोत दडलेली ठिकाणाची वगैरे माहिती पुसायची. गोम अशी की तेव्हा वर्कहॉर्स बघायचा फाइलचं नाव आणि एग्झिफटूल बघायचा तिचं पोट. त्यामुळे जेपीजी म्हणवणाऱ्या फाइलच्या आत डीजेव्हीयू (स्कॅन केलेल्या कागदपत्रांचा फाइल-प्रकार) असलं, तर डीजेव्हीयूचाच पार्सर, म्हणजे तो प्रकार वाचणारा कोड, चालू व्हायचा. त्या पार्सरमध्ये अवतरणातला मजकूर उलगडायला थेट पर्ल भाषेचा इव्हॅल, म्हणजे मजकूर कोड म्हणून चालवणारी सोय, वापरला होता. डॉलर आणि ॲट या, पर्लमध्ये खास अर्थ असणाऱ्या चिन्हांना लगाम होता. निसटलं ते एवढंच, की रेगेक्समधली (मजकुरातले नमुने जुळवायची भाषा) ‘इथे शेवट’ सांगणारी डॉलरची खूण अखेरच्या नव्या ओळीच्या खुणेअलीकडेही जुळते. बॅकस्लॅश, नवी ओळ, मग अवतरणचिन्ह असं ओळीने आलं की तपासणी ते चिन्ह एस्केप झालेलं, म्हणजे स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) न संपवणारं, समजायची. पर्लला मात्र ते उघडं दिसायचं. स्ट्रिंग तिथेच मिटायची आणि पुढचा मजकूर कोड म्हणून चालायचा, तोही ‘गिट’ युजरच्या हक्काने, म्हणजे साऱ्या रिपॉझिटरींवर (कोडच्या साठ्यांवर) हात.

तुम्ही लक्षणापाशी न थांबता मुळाशी गेलात, म्हणून एग्झिफटूल १२.२४ मध्ये इव्हॅलच गेला. गिटलॅब न वापरणारेही त्यात वाचले.

गिटलॅबची दुरुस्ती १४ एप्रिल २०२१ ला आली: १३.१०.३, १३.९.६ आणि १३.८.८. दोष ११.९ पासूनचा. दोषाच्या धोक्याचे गुण आधी दहापैकी ९.९ होते, कारण लॉगिन लागतं असा समज होता. पण तुम्ही कोण हे रेल्स (गिटलॅबचा मुख्य भाग) विचारण्याआधीच वर्कहॉर्सने फाइल हाताळलेली असायची. सप्टेंबरात गुण १० झाले. तरी नोव्हेंबरात रॅपिड७ या सुरक्षा कंपनीला इंटरनेटवर उघड्या सुमारे ६०,००० सर्व्हरपैकी निम्मे जुनेच सापडले.

त्याचं एक कारण आळस, दुसरं अपग्रेडची वाट. १२.१० वरून थेट उडी जमत नाही: १२.१०.१४, १३.०.१४, १३.१.११, मग १३.८.८, आणि प्रत्येक थांब्यावर बॅकग्राउंड मायग्रेशन (मागे चालणारे डेटाबेसचे बदल) संपू द्यायची. घाईत हमखास राहते ती सीक्रेट्सची (एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांची) जेसन फाइल; ती गिटलॅबच्या बॅकअपमध्ये येत नाही, वेगळी कॉपी करावी लागते. तेवढा वेळ नसणाऱ्यांसाठी गिटलॅबने तोडगा दिला होता: एग्झिफटूलच्या जागी नुसती ‘कॅट’ (आलेलं तसंच पुढे देणारी आज्ञा) चालवणारी दोन ओळींची स्क्रिप्ट. ओबडधोबड, पण पुरेशी. दुरुस्तीआधी कोणी शिरलं होतं का, हे मात्र अपग्रेड सांगत नाही. वर्कहॉर्सच्या लॉगमध्ये एग्झिफटूल फसल्याच्या नोंदी आणि ॲडमिनच्या यादीतली अनोळखी नावं, दोन्ही बघावीच लागतात.

त्या लॉगमध्ये नेमकं काय शोधायचं, हे आम्हाला तुमच्यामुळे कळलं. मनापासून आभार.

आपले,
गिटलॅब सांभाळणारे काही जण