माझ्या लेकीच्या ओठाला तुमच्या फाइलीइतका वेळ नाही

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार. माझी लेक साडेचार महिन्यांची आहे. काल आम्हाला लेझर विभागाच्या दारातून तिसऱ्यांदा परत पाठवलं. कारण काय, तर यंत्रातला डाय, म्हणजे ज्यातून लेझरचा प्रकाश निघतो ते रंगीत द्रव, संपलाय. याच यंत्राची फीत कापताना एकही बाळ उपचाराविना परत जाणार नाही, असा शब्द तुम्ही दिला होता. म्हणून हे पत्र तुम्हालाच.

ती दोन आठवड्यांची असताना तिच्या खालच्या ओठावर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसला. हिमँजिओमा आहे, रक्तवाहिन्यांची साधी गाठ, कॅन्सर नाही, आपोआप जाईल, असं सांगून आम्हाला घरी पाठवलं. ते खोटं नव्हतं. शंभरातल्या ४-५ बाळांना ही गाठ होते आणि बहुतेकांची ओसरतेही. पण ५व्या ते ७व्या आठवड्यात ती सगळ्यात झपाट्याने वाढते. ओठावर किंवा डोळ्याजवळ असेल, तर बाळ महिन्याचं होईपर्यंत तज्ज्ञाने बघायला हवं. आम्हाला तारीख मिळाली ११व्या आठवड्यातली. तोवर गाठ फुटून ओठाला जखम झाली होती.

असा ओठ घेऊन बाळ दूध कसं ओढतं, पाहिलंय का तुम्ही? तोंड लावते, दोन घोट घेते, किंचाळून मान फिरवते. भूक असते म्हणून पुन्हा तोंड लावते. माझ्या अंगाला तिच्या ओठाचं रक्त लागतं. आता मी दूध काढून चमच्याने पाजते. एका वेळेला पाऊण तास जातो, निम्मं दूध गळ्यावर ओघळतं, आणि ती माझ्याकडे बघत राहते. चार महिन्यांत मी सलग तीन तास झोपलेली नाही.

प्रोप्रानोलॉल चालू आहे. हृदयविकारावरचं हे जुनं औषध या गाठींवर चालतं, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी २००८ साली दाखवलं, आणि आता पहिलं औषध तेच. गाठ बसतेय, जखम भरत नाही. म्हणून तर पल्स्ड डाय लेझर लिहून दिला. त्याचा ५९५ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्या उष्णतेने बारीक वाहिन्या बंद होतात आणि गार फवाऱ्यामुळे वरची कातडी वाचते. हा प्रकाश मिलिमीटर-दोन मिलिमीटरच आत जातो, खोल गाठीला पुरत नाही, हे मला डॉक्टरांनी समजावलंय. चिघळलेल्या जखमेची आग कमी व्हावी, एवढ्यासाठीच आम्हाला तो हवाय.

आणि मदतीच्या अर्जावर शेरा काय आला? ‘सौंदर्योपचार.’ साडेचार महिन्यांच्या मुलीला दूध पिता यावं, हे सौंदर्य? ज्याने हा शेरा मारला, त्याने तिचा एक फोटोसुद्धा उघडून पाहिला नसेल. मला संताप येतो आणि तो लपवायची आता ताकद नाही.

तुमच्या खात्यात यंत्र घ्यायला पैसा निघतो, उद्घाटनाला मांडव पडतो. डाय वापराने खराब होतो, तो बदलावाच लागतो, हे खरेदीच्या कागदांवर सह्या करणाऱ्यांना कळलं नव्हतं का? यंत्र शिकलेल्या डॉक्टरांची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. खिडकीवरचा माणूस म्हणतो वर विचारा, वरचे म्हणतात टेंडर अडकलंय. कुणाचंच चुकत नाही, आणि ओठ माझ्या मुलीचा फाटतो. तिच्यामागे रांगेत एक बाळ होतं, त्याची गाठ पापणीवर होती. डोळा मिटलेला राहिला तर नजर कायमची अधू होते, साहेब. त्यालाही पुढच्या महिन्याची तारीख दिली.

डाय मागवा. तो ‘सौंदर्योपचार’ शब्द नियमातून काढा. ओठ-डोळ्याजवळची गाठ दिसली की महिन्याच्या आत तज्ज्ञाकडे पाठवायचा लेखी आदेश काढा.

आम्हाला येत्या मंगळवारी सकाळी ९ला पुन्हा बोलावलंय. आम्ही येतोय. यंत्र चालू असू द्या.

— एक आई