गोळी मिळते, पण पीसीआरचे काय?

महोदय,

सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, हा रक्ताचा कर्करोग खरा; पण रोजच्या गोळीवर तो वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. इमॅटिनिब ही त्यावरची गोळी २००१ मध्ये आली. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ग्लिव्हेकच्या, म्हणजे मूळ कंपनीच्या इमॅटिनिबच्या, पेटंटचे अपील फेटाळले आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या टिकल्या. गडचिरोलीपासून बालाघाटपर्यंतचे रुग्ण नागपुरात येतात. त्यांचे घोडे आता बहुधा पीसीआर या रक्ततपासणीपाशी अडते.

गोळी सुरू झाली की काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी उतरतात, वाढलेली प्लीहा ओसरते, सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची नेहमीची मोजणी, नॉर्मल येतो. मग घरचेच म्हणतात, एवढी महागडी तपासणी कशाला? पण सीबीसी नॉर्मल असतानाही या आजाराचे मूळ असलेले बीसीआर-एबीएल जनुक रक्तात शिल्लक असते आणि त्याचे प्रमाण मोजायला आरक्यू-पीसीआर ही पीसीआरच लागते, सुरुवातीला दर तीन महिन्यांनी. या प्रमाणाचा आकडा तिसऱ्या महिन्यात १० टक्के, सहाव्यात १ टक्का आणि वर्षाअखेर ०.१ टक्का किंवा त्याखाली हवा. रिपोर्टवर ‘आयएस’, म्हणजे आंतरराष्ट्रीय मापनपट्टी, नसेल तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. शक्यतो प्रयोगशाळा बदलूच नये.

नमुन्याचीही हेळसांड होते. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीतले रक्त थंड ठेवून, शक्यतो चोवीस तासांत पोहोचायला हवे; गोठवायचे मात्र नाही. पीसीआर ज्यावर चालते तो पेशींतला आरएनए लवकर विरतो. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात कुरिअरच्या पिशवीत पडून राहिलेल्या नळीतून ‘आढळले नाही’ असा रिपोर्ट आला, तर त्यावर हुरळून जाऊ नये. नमुना चांगला आहे का हे ताडण्यासाठी मोजले जाणारे कंट्रोल जनुक पुरेसे सापडले का, हे आधी पाहावे.

आकडा वाढला तर औषध बदलण्याआधी गोळ्यांची पाकिटे मोजावीत. पापण्या सुजतात, पायात गोळे येतात, म्हणून लोक न सांगता गोळ्या गाळतात. इमॅटिनिब जेवणासोबत आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. निलोटिनिब ही याच आजारावरची दुसरी गोळी मात्र उपाशीपोटी, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही न खाता. डासाटिनिब या तिसऱ्या गोळीवर असताना ॲसिडिटीची गोळी मनानेच घेतली, तर औषध नीट शोषले जात नाही. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनने तर इमॅटिनिबचे रक्तातले प्रमाण फार घटते. आपल्या भागात हे दोन्ही आजार एकाच रुग्णाला असणे अशक्य नाही, तेव्हा दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधे कळायला हवीत. हे सगळे ठीक असूनही आकडा चढला, तर म्युटेशनची, म्हणजे जनुकातल्या बदलाची, तपासणी करावी. टी३१५आय हे म्युटेशन निघाले तर वरच्या तिन्ही गोळ्या निरुपयोगी ठरतात.

काही वर्षे आकडा ०.०१ टक्क्याखाली टिकलेल्या निवडक रुग्णांची गोळी डॉक्टर थांबवूनही पाहतात. त्यांपैकी जवळपास निम्म्यांत आजार परततो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच. म्हणून त्या काळात दर महिन्याला पीसीआर लागते. ती परवडणार नसेल, तर गोळी थांबवण्याचा विचारही करू नये.

आमची मागणी साधी आहे. विदर्भातल्या जिल्हा रुग्णालयांत आठवड्याचा एक वार ठरवून हे नमुने घ्यावेत, त्याच दिवशी शीतपेटीतून नागपूरला आणावेत आणि गोळीसोबत पीसीआरचा खर्चही शासकीय योजनेत धरावा.

– रक्तविकार तपासणी क्षेत्रातील काही कर्मचारी, नागपूर