आधी दोन राजे आणि एक प्यादे

महोदय,

२०२५ मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला, तेव्हापासून आमच्या डिचोलीत घरोघरी पट मांडलेले दिसतात. आनंदच आहे. पण पोरे मोबाइलवर बघून ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, पंधरा चाली घोकतात आणि पटावर चारच मोहरी उरली की चाचपडतात.

यंदा चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून नातीशी खेळत होतो. तिचा राजा ई४ वर, प्यादे त्याच्या मागे ई३ वर, माझा काळा राजा समोर, एक घर सोडून ई६ वर. चाल तिची. "आजोबा, माझे प्यादे जास्त आहे, मी जिंकणार!" पण राजे असे समोरासमोर उभे असले की ज्याची चाल, त्यालाच वाट सोडावी लागते. डाव बरोबरीत सुटला. आधी घाईने ढकललेले ते प्यादे तिने ई२ वरच राखले असते, तर ई३ ही एक मोकळी चाल हाताशी राहिली असती आणि वाट माझ्या राजाला सोडावी लागली असती. एका घराचा फरक! रुसून ती नेवऱ्या खायला निघून गेली, तो भाग वेगळा.

मोठ्यांचेही असेच होते. २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन याने ५५व्या चालीला हत्ती चुकीच्या घरात नेला. हत्ती गेले, उंट गेले, राजे आणि प्यादी उरली. गुकेश जगज्जेता झाला.

सुट्टीतली शिबिरे भरवणाऱ्यांना विनंती : पहिला आठवडा पेटीतून दोन राजे आणि एक प्यादे, एवढेच बाहेर काढा. पालक कुरकुरतील. कुरकुरू द्या.

— एक निवृत्त शिक्षक, डिचोली