फॅमिली फोटो काढायला जाण्याआधी फोनवर नीट बोलून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

फॅमिली फोटो हा काही पेपरात पत्र लिहिण्याचा विषय नाही असं कोणी म्हणेल, पण आमच्या घरात जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या घरात होऊ नये असं मनापासून वाटतं म्हणून लिहितेय.

आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली तेव्हा आम्ही ११ जणांनी मिळून प्रोफेशनल फोटो काढून घ्यायचं ठरवलं. आजीपासून ते भावाच्या ३ वर्षांच्या मुलापर्यंत सगळे. फोटोग्राफरचं काम इंस्टाग्रामवर पाहिलं होतं, मागचं सगळं धूसर आणि चेहरे एकदम शार्प असे सुंदर फोटो, म्हणून काही न विचारता तारीख बुक करून टाकली. फोटो आले, मोबाईलवर सगळ्यांना आवडले, स्टेटस लागले. मग हॉलसाठी मोठी प्रिंट काढली आणि तेव्हा कळलं की पुढे बसलेली आजी आणि मुलं स्वच्छ दिसतायत, पण मागच्या रांगेत उभे असलेले बाबा आणि काका दोघांचेही चेहरे पुसट आलेत. आणि बाबांच्या भुवईवर लहानपणापासून एक व्रण आहे, तोही एडिटिंगमध्ये गायब. आई त्या प्रिंटसमोर उभी राहून बराच वेळ बघत होती आणि शेवटी एवढंच म्हणाली, हे आपले हे वाटत नाहीत गं.

तेव्हापासून मी यातलं बरंच समजून घेतलं. मागचं धूसर करण्यासाठी लेन्सचं तोंड पूर्ण उघडतात, त्याला एफ १.८ वगैरे म्हणतात, आणि तेव्हा फोकसमध्ये फार थोडी खोली राहते. ८५ एमएमच्या लेन्सने ४ मीटरवरून एफ १.८ ला फोटो काढला तर जेमतेम वीतभर जागा शार्प येते, मग तीन रांगा त्यात कशा मावणार. तोच एफ ८ ला, म्हणजे लेन्सचं तोंड बरंच बारीक करून काढला तर साधारण मीटरभर मिळते. म्हणजे एकट्या बाळाच्या फोटोत जे छान दिसतं ते ११ जणांच्या फोटोत चालत नाही, पण हे आपल्याला माहीत नसतं आणि आपण "तसाच ब्लर पाहिजे" म्हणून हट्ट धरतो, आम्हीही धरला होता.

गेल्या वर्षी परत एकदा हिंमत केली, दुसऱ्या एका फोटोग्राफर ताईंकडे. त्यांनी तारीख द्यायच्या आधी फोनवर अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. किती जण आहात, कोणाला गुडघ्याचा त्रास आहे का, छोटा दुपारी किती वाजता झोपतो, घरात कोणाचं कोणाशी जास्त जमतं, फोटो फक्त मोबाईलवर बघणार की भिंतीवर लावणार, कोणाच्या चेहऱ्यावर असं काही आहे का जे ठेवायचंच आहे. हा शेवटचा प्रश्न ऐकला आणि मला रडूच आलं. त्या म्हणाल्या, पिंपल किंवा खरचटलेलं असेल ते आम्ही काढतो कारण ते आठवड्याने जाणारच असतं, तीळ आणि जुना व्रण विचारल्याशिवाय काढत नाही. माझं ठाम मत आहे की सेशन चांगलं होणार की नाही ते या फोनवरच ठरतं. समोरचा माणूस असं काही विचारत नसेल तर आपण होऊन सांगायचं, लाजायचं नाही.

प्रत्यक्ष दिवशी काय होतं तेही सांगते कारण लोकांना वाटतं दहा मिनिटांत क्लिक क्लिक करून मोकळं. आमचं सव्वा तास चाललं. वेळ संध्याकाळची, सूर्य मावळायच्या आधीचा तास, कारण भरदुपारी ऊन डोक्यावर असलं की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि सगळे डोळे बारीक करून बघतात. ढगाळ असलं तर घाबरू नका, उलट उजेड मऊ मिळतो. सगळ्यात आधी पूर्ण कुटुंबाचा मोठा फोटो आणि तो झाला की आजीला लगेच मोकळं केलं, मग छोटे छोटे ग्रुप. पहिल्या वेळी आजी शेवटपर्यंत ताटकळली होती. आणि एकाच पोझचे वीस-वीस फोटो काढतायत म्हणून वैतागू नका. माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो, आम्ही ११ जण, म्हणजे मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा कोणाचे तरी डोळे मिटणार, त्यातून सगळ्यांचे उघडे असलेला एक क्षण पकडायचा असतो.

कपड्यांचं थोडक्यात सांगते, सगळ्यांनी सेम टू सेम घालायची गरज नाही, एकमेकांत मिसळणारे दोन-तीन रंग पुरतात, फक्त अगदी बारीक रेघांचा शर्ट नको कारण कॅमेऱ्यात त्यावर विचित्र लाटा दिसतात आणि भडक पोपटी, नारंगी नको, त्याचा रंग हनुवटीखाली उमटतो. चष्म्याच्या काचा उन्हात काळ्या होणाऱ्या असतील तर साधा चष्मा बरोबर ठेवा, काका विसरले आणि निम्म्या फोटोत गॉगल लावल्यासारखे दिसतात.

मुलांबद्दल मात्र हात जोडून विनंती आहे. नीट हस, सरळ बघ, असं आपण आठ जण आठ बाजूंनी ओरडतो ना, तिथेच पोरगं रुसतं. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्येच लिहून ठेवलंय की खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायू हलतो आणि तो आपल्या हुकमाने हलत नाही, मग तीन वर्षांच्या पोराला हुकूम देऊन काय उपयोग. ताईंनी आम्हाला सांगितलं, तुम्ही मोठे फक्त कॅमेऱ्याकडे बघत राहा, त्याच्याकडे मी बघते. आणि त्या खाली जमिनीवर बसल्या, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि त्याला विचारलं की माझ्या या काळ्या काचेत तुला कोण दिसतंय. तो वाकून बघायला लागला आणि हसला. नंतर पाच मिनिटं त्याला सोडून दिलं, पळू दिलं, खाऊ दिलं, मग परत बोलावलं. झोपेची वेळ टाळली होती हेही महत्त्वाचं.

पैसे देण्याआधी काही गोष्टी लेखी घ्या. एडिट केलेले फोटो किती मिळणार (काढलेले सगळे मिळत नाहीत आणि मिळूही नयेत, निवडणं हाही त्यांच्या कामाचा भाग आहे), किती दिवसांत मिळणार, प्रिंट आपण कुठूनही काढू शकतो का, त्यांच्याकडे फाईल किती महिने राहणार, आणि आपल्या मुलांचे फोटो ते स्वतःच्या पेजवर टाकणार का. या शेवटच्या गोष्टीला नाही म्हणायचं असेल तर आधीच म्हणा, टाकल्यावर भांडून काही हाती लागत नाही. फोटो आले की ओरिजिनल फाईल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून आलेली फाईल प्रिंटला देऊ नका, ती आकसलेली असते. चांगल्या ८ बाय १० इंच प्रिंटला साधारण २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. मोठी प्रिंट काढायच्या आधी कॉम्प्युटरवर फोटो पूर्ण मोठा करून मागच्या रांगेतला एकेक चेहरा बघा, हे आम्ही पहिल्या वेळी केलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

आता हॉलमध्ये दुसरा फोटो आहे. आजी खुर्चीवर, छोटा तिच्या पदराला धरून, मागे बाबा आणि काका, आणि बाबांच्या भुवईवरचा व्रण खालून उभं राहूनही दिसतो. आई रोज सकाळी कपड्याने काच पुसते तेव्हा तिथे जरा जास्त वेळ थांबते.

आपली,
एक नियमित वाचक