शिक्षणमंत्री साहेब, आमच्या पोट्ट्यांना फॉरवर्ड तपासायला शिकवू द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री साहेब,

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका झेडपी शाळेचा मास्तर. वर्गात तांड्यावरचे बंजारा, पोडावरचे कोलाम, गावातले कुणबी, दोन घरं मुसलमानांची, अन् दिवाळीनंतर भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथजोग्यांचा मुक्काम पडला तर त्यांचंही एखादं पोट्टं. भाषणात याले विविधता म्हणतात, वर्गात म्हणजे एकच गोष्ट चारदा सांगा.

आमच्याकडे घरात स्मार्टफोन एक अन् तो वाचणारं बहुतेक वेळा सहावी-सातवीतलं लेकरू. बाप फवारणीहून आला की "वाच वं, काय आलं ते" म्हणते, पोरगी वाचते, मग आजीसाठी तेच कोलामीत सांगते. म्हणजे सगळ्या घरची बातमीदार तीच. अन् आम्ही तिले शाळेत बातमी लिहायला शिकवून राह्यलो, तपासायला नाही.

१ जुलै २०१८ आठवत असेल तुम्हाला. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस, मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं मारून टाकली. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती हो. त्या वर्षी देशात जो व्हिडिओ लय फिरला, बाईकवाले रस्त्यावरून पोरगं उचलून नेतात तो, ती खरं तर कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म होती, शेवटी ते पोराला परत आणून सोडतात अन् पाटी दाखवतात, तो शेवटच कोणीतरी कापला. मी सातवीला आधी कापलेला दाखवला, मग पूर्ण. पोट्टे हसले, "सर, उल्लू बनवलं ना". मागच्या बाकावरचं नाथजोग्याचं पोट्टं मात्र हसलं नाही. म्हणे, माझा बाप आधार कार्ड लॅमिनेशन करून खिशातच ठेवते, गावात शिरलं की आधी तेच दाखवते. यावर मी काय बोलणार होतो, पुढचा तास घेतला.

व्हॉट्सअपनं २०१८ मध्येच भारतात एकावेळी पाचच चॅटला फॉरवर्डची मर्यादा टाकली. पण तेव्हा एकेका ग्रुपात दोन-अडीचशे माणसं, पाच ग्रुप म्हणजे आमचं गाव संपून वर बाजूचा तांडाही आला. फॅक्टचेकवाले मराठी, हिंदीत तरी तपासतात, कोलामीत व्हॉइस नोट आली तर कोण तपासते? मेळघाटात २०२१ मध्ये लसीच्या अफवा उठल्या तेव्हा आरोग्यवाल्यांना शेवटी कोरकूतूनच सांगावं लागलं. मग हे शाळेत आधीच करायला काय हरकत आहे? केरळात कन्नूर जिल्ह्यानं २०१८ मध्येच सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखायचे तास घेतले, नाव ठेवलं सत्यमेव जयते. जिल्ह्याच्या पातळीवर झालं होतं ते, मोठं काही बजेटचं नाटक नाही.

मागणी लहान आहे. नवीन विषय नको, अन् ॲप तर अजिबातच नको, माहितीच्या लिंका भरून भरून आम्ही आधीच बह्याड झालो. मराठीच्या तासातले आठवड्याला वीस मिनिटं द्या, अन् कोलामी, गोंडी, कोरकू, बंजारात खऱ्या-खोट्या मेसेजचे नमुने त्या-त्या समाजातल्या माणसांकडूनच बोलून घ्या, पुण्यात बसून अनुवाद करून पाठवू नका. उर्दू शाळांनाही द्या, ते नेहमी राहून जातात.

आम्हा मास्तरांनाही हे शिकवा बरं का. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर जुन्या पेन्शनचा खोटा जीआर तीनदा आला, एकदा तर मीच पुढं ढकलला, पेढे आणायचेच बाकी होते. मग कळलं की जीआरवर संगणक सांकेतांक असतो, तो शासनाच्या साइटवर टाकला की दोन मिनिटात खरं-खोटं समजते. आता सातवीचे पोट्टेच मले तपासून देतात. तुम्ही या मागणीचा जीआर काढलाच, तर त्याचाही सांकेतांक तेच टाकून पाहतील, राग मानू नका.

आपला,
झेडपीचा एक मास्तर, जि. यवतमाळ